अडतीस टक्के

प्रयागा सिस्टरचा फोन सकाळीच :
उत्रेश्वरा, चित्र फुटतंय बघ.
बातम्या सांगणारीचं नाक कानापाशी गेलंय,
अन् आवाज म्हणशील तर पाखडल्यासारखा,
थोडा सुपात, थोडा बाहेर.

घाटनांदूरच्या स्टेशनरस्त्यानं निघालो.
मीटर, पक्कड, चिकटपट्टी.
वाटेत मनाशी उजळणी केली, कारण हे घर मला पाठ आहे :

पोळ्यापर्यंत अँटिना पत्र्यावर होता.
मग वानरं आली. काड्यांना लोंबकळली,
दोन मोडल्या, तिसरी घेऊन गेली.
म्हणून मीच तो खाली माळ्यावर नेला,
पूर्वेच्या भिंतीला हातभर झरोका आहे,
बरोब्बर त्यातून टॉवरकडे तोंड करून बांधला,
एक बोट इकडं नाही, एक बोट तिकडं नाही.
मग उंदरांनी वायर खाल्ली, तांब्यापर्यंत.
उंदरांसाठी सिस्टरनी मांजर आणलं.
त्यावर दिवाळी निघाली.

जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या.
मुंग्यांच्या पल्याड कुणी चालत असायचं,
आपण चालीवरून ओळखायचो.
ह्या नव्याला तसली माया नाही.
साठाच्या वर सगळं लख्ख,
त्याखाली चौकटी चौकटी,
पस्तिसाला निळा पडदा.
उधारी बंद.

पिन काढली, पुसली, लावली.
जोड उघडला, पुन्हा पिळला.
डबा बंद करून शंभर मोजले.
अडतीस.
मग शिडी.

माळ्यावर अंधार, जुन्या गोधडीचा वास,
बूस्टरचा लाल दिवा तेवढा,
आणि त्याच्या उबेला पाठ लावून
मांजर.
अंग ताणलेलं, पाय अँटिनाच्या दांडीला टेकलेले.
दांडी फिरली होती चार बोटं,
झरोका सोडून सरळ पत्र्याकडं.

खालून सिस्टर : किती?
अडतीस.
अरे, पिल्लं किती?
चार. एक काळं.

हात पुढं केला तर फिस्कारली.
हात लावू नको, खालून आवाज आला,
ओल्या बाळंतिणीला उठवत नसतात.
एकतीस वर्षं उपकेंद्रावर काढलेला तो आवाज,
त्याच्यापुढं अख्खी गल्ली जोर लावायची, मी कोण.
बूस्टर तरी काढू का?
काढशील. थंडी बघ किती पडलीय.

शिडी धरून त्या बोलत राहिल्या,
तुझ्या वेळी लाईट नव्हती, कंदील होता,
आणि तुझे पाय आधी आले.

पायाळू मी. पायाळूवर वीज पडते म्हणतात.
आभाळ आलं की आई मला उंबऱ्याआड ओढायची,
आणि मी जन्म काढला
लोकांच्या घरात सगळ्यात उंच जागी लोखंड धरून.
आईला म्हणायचो, वीज नाही गं,
माझ्यावर नुसत्या बातम्या पडतात.
ती हसायची नाही.

खाली उतरून वहीत लिहिलं :
बिघाड, बाळंतपण.
उपाय, मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं,
एक घर झालं, दुसऱ्याची वाट बघणे.
मजुरी, चहा, डिंकाचा लाडू एक.
लाडू खरं तर माळ्यासाठी केले होते असं वाटलं,
पण विचारलं नाही.

निघताना वळून पाहिलं.
सिस्टर फुटक्या चित्रासमोर बसलेल्या,
चष्मा पुसून चौकटी जुळवत :
हे कपाळ असंल.
ही नदी असंल, नाहीतर साडीचा काठ.
मधेच छताकडं कान.

नवव्या दिवशी त्यांचा एवढाच निरोप,
बाहत्तर टक्के, आणि माळा सुना झालाय.

मी जेवायला बसलो तोच
शेजारच्या इलियास टेलरचा फोन :
भाई, सकाळपासून आमचं चित्र फुटतंय,
वायर बघितली, डबा बघितला, काय करावं?

काही करू नका, म्हटलं.
माळ्यावर जाताय तर हळू जा.
आणि मला सांगा,
काळं बरं आहे ना?