शेफील्डची भिशी

फिल्मॉन बर्फावर घसरला, मनगट मोडलं.
ॲपनं कळवलं: आपण सध्या ऑफलाइन आहात.

मंगळवारी रात्री, चिकनच्या दुकानामागे,
सायकली भिंतीला टेकवून
आम्ही अकराजण बिस्किटांचा डबा उघडतो.
माणशी सहा पौंड. वही माझ्याकडे,
कारण शब्द माझा: भिशी.
झ्बिगन्येव 'बिशी' म्हणतो, चालतं.

चिठ्ठी निघाली इलियानाची.
तिचं भाडं थकलंय, सगळ्यांना ठाऊक.
"डबा नीट हलवला नाहीस," ती म्हणाली,
"आण ते पेन. फिल्मॉनमध्ये एफ की पीएच?"

त्यानं तर एकदाही भरले नव्हते,
कुणीतरी पुटपुटलं.
तेवढ्यात फोन वाजले, ऑर्डरी आल्या, सगळे पांगले.
दिव्याखाली मी त्याच्या नावापुढे
सहा पौंड मांडले,
माझ्या खिशातले. उसने.