वसुली

विम्याची मुदत सरली होती अकरा दिवसांआधी.
खेडच्या कोर्टात वकील हे तीनदा बोलला,
जणू माझा पाय त्या अकरा दिवसांनीच मोडला.

मिळकतीचा पुरावा? साहेबांनी विचारलं.
हर्णैच्या लिलावात
बोट वर करून बोली लावते मी,
त्याची पावती कोण देतं?

निवाडा माझ्या बाजूने.
सहा लाख चाळीस हजार, व्याजासकट,
कागदावर.

टेम्पो दापोलीच्या ठाण्यामागे,
हौद्यात घाणेरी फुललीय.
घर बायकोच्या नावावर,
कौलं सासऱ्याची.

परवा पुळणीवर दिसला दिगंबर,
परक्या होडीवर खलाशी आता.
मान फिरवली आधी.
मग माझी टोपली उचलून
रिक्षापर्यंत आणली, न बोलता.

ठेवताना म्हणाला, मावशी, किती झाले?
म्हटलं, व्याज चालू आहे.