मालधक्क्यासमोरची अनुज्ञप्ती

नाशिकरोडला समुद्र नाही,
तरी धक्का आहे.
वाघिणी लागतात, सिमेंट उतरतं, कांदा चढतो,
आणि फाटकातून रस्ता ओलांडला की
हिरव्या पत्र्याचं ते दुकान.
बत्तीस वर्षं मी त्याची फाईल सांभाळली.
आत एकदाच बसलो, तेही चहा प्यायला.

कागदावर ‘अनुज्ञप्ती’.
धक्क्यावर कुणाच्या जिभेला हा शब्द वळला नाही,
सगळे लायसन म्हणायचे.

पहिलं पान इंग्रजीत, शाई गंजासारखी.
बेहरामशा नावाचा कुणी.
चतुःसीमा: पूर्वेला बाभूळ, उत्तरेला रस्ता,
पश्चिमेला रेल्वेचं कुंपण,
दक्षिणेला काही नाही.
दक्षिणेला आता अकरा मजले आहेत.
बाभूळ माझ्या जन्माआधीच तुटली.
हद्द मग कुठे गेली, कुणी विचारलं नाही;
दर मार्चात आम्ही तीच बाभूळ
नव्या कागदावर लावत राहिलो.

दारूबंदीतली पानं पातळ.
बेहरामशा लेमन विकायचा, रासबेरी विकायचा.
हमाल ते पिऊन तोंड वाकडं करत
आणि अंधार पडला की कुंपणापलीकडे
सायकलच्या ट्यूबातून आलेली घेत.
एका पावसाळ्यात तिघांचे डोळे गेले.
ते आमच्या फाईलीत नाहीत,
असतील तर सिव्हिलच्या वहीत.
आमच्याकडे त्या साली एकच ओळ:
‘दुकान बंद, सबब शेरा नाही.’

बंदी सैल झाली, लायसन त्र्यंबक लाडाला मिळालं,
त्र्यंबक गेला, वारसाहक्कानं सगुणाबाईला.
तिनं दुकानाबाहेर पाण्याचं पिंप ठेवलं:
आधी हात धुवा, मग ग्लासाला लावा.
जाळीआडून नव्वदी मोजून द्यायची,
बिल्ला गहाण ठेवू पाहणाऱ्याला
बिल्ल्यासकट घरी पाठवायची.
उत्तम पगारे सांगायचा,
बाई शिव्या देते, पण उधारी लिहीत नाही.

गल्लीत शाळा निघाली तेव्हा टेप मी धरली होती.
दारापासून दारापर्यंत पंचाहत्तर मीटर हवेत,
पायवाटेनं मोजायचे.
पायवाट गटाराला वळसा घालून जाते: अठ्ठ्याहत्तर.
गटारावर पोरांनी टाकलेली फळी होती,
तिच्यावरून गेलं तर चौसष्ट.
साहेब म्हणाले, फळी काढा.
काढली.
दुसऱ्या दिवशी पोरं उड्या मारत शाळेत गेली.

मग वॉर्डातल्या बायांनी अर्ज दिला.
मतपत्रिकेवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी.
यादीत नावं बाराशे चौदा,
आडवीला सहाशे आठ हवीत.
पडली पाचशे नव्याण्णव.
उभीला चाळीससुद्धा नाहीत,
पण जी आलीच नाही, तीही उभीतच धरली जाते.
रात्री यादी घेऊन बसलो.
पगारेची आई, जाऊन तीन वर्षं झालेली.
शकीला मुकादम, लग्न होऊन मनमाडला.
एकतीस मेलेल्या बायांनी
ती बाटली उभी धरून ठेवली होती.
मी यादी घडी घालून ठेवली. कळवायचं कुणाला?

मार्चात सगुणाबाई आली.
माझं मत होतं ना यादीत, म्हणाली,
आडवीला दिलं मी.
मी पेन खाली ठेवलं.
मग हा नूतनीकरणाचा अर्ज?
तोच भरायला आलेय, ती म्हणाली,
पाचला बँक बंद होते, लवकर लिहा.

पूर्वेला काय लिहू?
बाभूळच लिहा की.

फीच्या नोटा तिनं टेबलावर ठेवल्या,
कडांना सिमेंट, मधोमध घामाची घडी.
मी मोजल्या, शिक्का मारला.
बोटं दिवसभर खरखरीत राहिली.