नमुना संख्या अकरा

प्रश्नावली चाळीस प्रश्नांची. गाईड मॅडमनी दोनदा तपासलेली.
परवानगीचं पत्र पुण्याहून यायला पाच महिने लागले,
तोवर विश्रामबागच्या हॉस्टेलात
मी नुसती संदर्भसूची वाढवत बसले.

मग सांगलीचं जेल. मोबाइल गेटवर जमा.
बायकांच्या बराकीत भिंतीवर पुराची रेघ,
दोन हात रंग मारूनही दिसणारी.

अकरा जणींनी मुकाट अंगठे दिले.
बारावी, तिला मी इथं सत्यव्वा म्हणते, ते तिचं नाव नव्हे,
शाईचं पॅड उलटसुलट करून बघत राहिली.
"इथं अंगठा म्हणजे तुमची संमती," मी म्हटलं.
"मागल्या टायमाला फौजदार बी असंच बोललं की,"
जतकडचा कानडी हेल काढत ती म्हणाली,
"लाव अंगठा आन जा घरला."

प्रश्न सातवा: गुन्ह्यामागील कारण. एकावर खूण करा.
कौटुंबिक. आर्थिक. इतर.
'इतर'पुढे दीड इंच जागा.

"ह्यातनं तुला काय मिळतंय?"
"शंभर मार्क."
"आन मला?"
मी म्हटलं, धोरणं बदलतात, दीर्घकाळात.
साडेतीन वर्षं कच्ची कैदी असलेल्या बाईला
मी दीर्घकाळ हा शब्द सांगितला.

ती हसली नाही. मलाच विचारायला लागली.
कुठं ऱ्हातीस? दार कवा लावत्यात?
"साडेआठला."
"आमचं साडेपाचला. तुझं बरं हाय."
गावाकडं जायला कुणाची सही लागती?
"वडिलांची."
"मला बी तेच सांगत्यात बघ. जामीन झालाय माझा,
पर जामीनदार पायजे, सातबारावाला.
नवऱ्याचा भाऊ हाय एक. त्यो कशाला येतोय."
मग मात्र हसली. पहाऱ्यावरच्या बाईंनी वळून बघितलं.

अंगठा तिनं दिला नाही.
संमती नाही, म्हणजे मुलाखत धरता येत नाही.
प्रबंधात लिहिलं: नमुना संख्या अकरा.
मर्यादा या प्रकरणात सुद्धा ती कुठं बसली नाही.

परतताना शाईचं पॅड बॅगेत सांडलं,
डबा, रुमाल, बोटं, सगळं जांभळं.
हॉस्टेलच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकली, आठ वीस.
सही करणार, तेवढ्यात
पानाच्या वरच्या बारीक छापील ओळींवर नजर गेली.
दोन वर्षांत पहिल्यांदाच वाचायला लागले.
रेक्टरबाई म्हणाल्या, काय वाचतेस एवढं,
मागं मुली थांबल्यात.