नि

घणसोलीत पालिकेच्या शाळेच्या गच्चीवर
पत्र्याची एक खोली, अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या भिंती,
वर बांबूएवढा अँटेना.
एवढंच आमचं रेडिओ केंद्र.
रबाळ्याच्या नाक्यापर्यंत नीट ऐकू येतं,
कोपरखैरण्याच्या अलीकडेच खरखर सुरू होते,
पश्चिमेला खाडी.
तिथे कोण ऐकतं ते कुणी मोजलेलं नाही.

गुरुवारी रात्री साडेदहाला हर्षला मढवी आधी सांगते :
सेक्टर सातचं पाणी उद्या दोन तास उशिरा,
रिक्षात सापडलेलं आधार कार्ड वॉचमनकडे ठेवलंय,
डोळे तपासणी शिबिर रद्द, डॉक्टरच आजारी.
मग खाकरते, म्हणते, "आता आपलं,"
आणि लावते स्का.

स्का म्हणजे काय ते मला विचारू नका.
विचारलंच तर बोटं मोजा :
एक नि दोन नि तीन नि चार नि.
सगळं जग आकड्यांवर पाय आपटतं,
कवायत आकड्यांवर, वरात आकड्यांवर,
मस्टरवरची माझी सहीसुद्धा.
हे गाणं 'नि'वर उभं राहतं.
आकडा निघून गेला की मागून
गिटारची एक चापट, टाळकं ताळ्यावर आणणारी,
आणि कंबर आपोआप हलते,
माझी तर बावन्नाव्या वर्षी हलते.

हिराजीमामा बोटीवर ऑइलमन होता.
किंग्स्टनच्या धक्क्यावर साबणाच्या दोन वड्या देऊन
त्यानं एक कॅसेट घेतली.
लेबल घरी पोचेपर्यंत धुऊन गेलं होतं.
दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात एक ट्रॉम्बोनवाला आहे,
त्याचा दम मध्येच संपतो, सूर घसरतो,
बाकीचे थांबत नाहीत,
चालता चालता त्याला काखेत हात घालून उचलतात,
हळदीच्या रात्री ब्रास बँडमधल्या म्हाताऱ्याला उचलतात तसं.
त्याचं नाव मला कधी कळलं नाही.
टेप झिजली, तुटली. ठाण्यात जांभळी नाक्यावर
दुकानदाराला गुणगुणून दाखवलं.
म्हणाला, "रेगे आहे. चालेल?"

नाही चालणार.

लोक म्हणतात जुनं ते सोनं.
हे सोनं नाही, पितळ आहे.
सोनं तिजोरीत आपलं आपण राहतं,
पितळ घासावं लागतं कुणीतरी,
दर गुरुवारी, साडेदहाला.

त्या गुरुवारी मी पंपगृहात रात्रपाळीला.
मैलापाण्याचे तीन पंप, त्यातल्या दोन नंबरचं बेअरिंग गेलेलं,
तो ठोका धरून बसलेला : धप्. धप्.
आणि रेडिओतून, धप् आणि धप्‌च्या मधल्या जागेत,
चक्. चक्.
मी चहाचा पेला खाली ठेवला.
तेवीस वर्षांनी तोच दम, तिथेच संपला.
तेच हात आले.

गाणं संपल्यावर हर्षला म्हणाली,
"ऐकतंय का कुणी? दीड वर्षात एक फोन आला,
त्याला गॅस एजन्सी हवी होती."
माझ्या मोबाइलचा रिचार्ज संपलेला.
खिडकीतून शाळेची गच्ची दिसत होती.
यार्डातल्या मोठ्या दिव्याचं बटण हाताशी होतं.

एक, अंधार. नि, उजेड.
दोन, अंधार. नि, उजेड.

आधी रेडिओवर काहीच नाही.
खुर्ची सरकल्याचा आवाज.
मग ती हसली, माइकपासून लांब,
"आगो बाय," म्हणाली, "पंपावर हाय कुनीतरी."
आणि तेच गाणं पुन्हा लावलं.
ट्रॉम्बोनवाला पुन्हा घसरला. मीही थोडा.

शुक्रवारी साहेबांचा मेमो :
यार्डातील दिवा लुकलुकत असल्याची
समोरील सोसायटीची तक्रार. वायरिंग तपासावे.
तपासलं. लिहून दिलं : दोष आढळला नाही.

बेअरिंग बदलीचा अर्ज मात्र
अजून माझ्याच खणात आहे.