डावं-उजवं

जोआलच्या किनाऱ्यावर, मासळीच्या फळ्यांमागे,
कडुनिंबाच्या खोडाला मी टीव्ही दोराने बांधला.
शाळेचा टीव्ही. साहेबांना कळवू नका.
चारशे माणसं, सदतीस खुर्च्या,
पहिली खुर्ची देगेनला,
कारण तिचा लातिर अंतिम सामन्याला गेलेला.

गेलेला म्हणजे, बसायला.
राखीव गोलकीपर तो.
सहा सामने झाले, हातमोज्यांना
गवताचा एक हिरवा डाग नाही.
"धुणार कोण, म्हणून जपतोय," देगेन म्हणते.
लोक हसतात. तीही हसते.
आमच्या गावात डावं-उजवं कुणी करत नाही,
संघ निवडणाऱ्यांचं वेगळं.

खुर्चीवर ती बसलीच नाही.
धुरावरची मासळी उलटत उभी,
मान तेवढी पडद्याकडे.
दर सामन्यात कॅमेरा बाकावरून फिरतो,
दोन सेकंद, फार तर अडीच.
त्यासाठी बाई नव्वद मिनिटं
पापणी मिटत नाही.

शून्य-शून्य.
चहाचा पहिला पेला कडू, दुसरा बरा,
तिसरा ओतताना न्गोरचा हात हलला
आणि जादा वेळही संपला.
बिरान जनरेटरमध्ये काडी बुडवून म्हणाला,
डिझेल आहे वीस मिनिटांचं,
काय व्हायचं ते लवकर होऊ द्या.

मोठा कीपर पाणी प्यायला वळला.
तहान नव्हती त्याला, दिसतच होतं.
बाटलीवर चिकटपट्टी,
पट्टीवर आकडे, आकड्यांपुढे बाण.
कॅमेरा जवळ गेला
आणि माझा घोट घशातच राहिला.

ते बाण नव्हते. मासे होते.

दुसरीत होता तेव्हा
या पोराला डावं-उजवं कळायचं नाही.
डाव्या मनगटाला मी जाळ्याचा निळा दोरा बांधला होता.
बाण काढ म्हटलं की मासा काढायचा,
शेपटीसकट, कधी कधी डोळासुद्धा.
बाण रे, बाण! मी पट्टी आपटायचो.
"मासा तोंड करील तिकडेच जायचं ना, सर?"

म्हणजे हा नुसता बसला नव्हता.
महिनाभर, रात्र-रात्र,
परक्यांचे पाय वाचत होता:
कोण धावण्याआधी मोजा वर ओढतो,
कोणाचा खांदा खोटं बोलतो
आणि कोणाचं बोट खरं.

मी ओरडलो, देगेन, अक्षर बघ त्याचं!
तिला अक्षरं येत नाहीत.
पण मासे?
तिने हातातला चिमटा खाली ठेवला.

पहिला मासा डावीकडे. कीपर डावीकडे. अडवला.
दुसरा उजवीकडे, कीपरही, पण चेंडू उंच,
तिथवर कुणाचाच हात पोचत नाही.
तिसऱ्या माशाचं तोंड वर:
जागचा हलू नकोस.
नाही हलला. छातीवर आदळला चेंडू,
गाव कडुनिंबाएवढं उंच झालं.

मग आमचेच नेम चुकले.
एक आडव्या दांडीवर, एक आभाळात,
एक इतका हळू की पोरंसुद्धा गप्प झाली.
चौथ्याला मासा बरोबर, हात दोन बोटं आखूड.
पाचव्याला बरोबरीत.
मासा उजवीकडे. कीपर उजवीकडे.
बोटांना लागला, खांबाला लागला,
क्षणभर कुणाकडे जावं ते चेंडूलाही ठरवता येईना,
मग आत गेला.

कुणी रडलं नाही लगेच.
कॅमेरा जिंकलेल्यांच्या मागे धावला,
बाकावरून फिरलाच नाही.
बिरानने जनरेटर बंद केला,
उरलेलं डिझेल उद्याच्या होडीला.
अंधारात समुद्र होता, धूर होता,
आणि देगेनचा आवाज, अगदी जवळून:

"बाजू?"
"बरोबर होती."
"पाचही?"
"पाचही."

ती जरा वेळ थांबली.
"मग उठा सर, हात लावा.
खालची बाजू करपतेय."