लाइन मंद

नागपूरहून सकाळी निघालेला नियम
कोरचीला दुपारीही पोचत नाही.
प्रिंटरचं नाव बदलावं,
कर्जखात्याचा नवा प्रोग्राम बसावा,
पडद्यावर नवे अध्यक्ष यावेत,
सगळं मुख्यालयात ठरलंय.
इथला संगणक आधी लाइन मोजतो
आणि म्हणतो, एवढ्याशा पांदणीतून
एवढं ओझं? राहू द्या. जुन्यावर भागवतो.

म्हणून शाखेत अजून
गेल्या पोळ्याला वारलेले अध्यक्ष हसताहेत,
खांद्यावर शाल, मागे धानाची पोती.

मी फोनवर. तिकडे मंदाकिनी नैताम.
"जी गणपतीचा, पी पपईचा,
पुढे अपडेट, सलग."
"हाव जी. मारलं एंटर."
मग कुलरची घरघर,
कोणीतरी काउंटरवर पासबुक आपटतं,
फोनही जातो.

शेवटी मी उंबरठाच शून्यावर आणला:
मंद असो, वेगवान समज, घे सगळं.
दुसऱ्या दिवशी साडेदहाला
संगणक 'कृपया थांबा'वर उभा.
बारालाही तिथेच.
बोनस काढायला आलेल्या बाया
पायरीवर डबे सोडून बसलेल्या.
"तुमचा नियम आला का नाई, ठाऊक नाई सायेब,
पण आमचं बंद पडलं ना जी."

उंबरठा होता तिथे परत ठेवला, पाचशेवर.
प्रिंटरचं नवं नाव मंदाकिनीने
स्केचपेनने लिहून
प्रिंटरवरच चिकटवलं.
प्रोग्राम मी पेनड्राइव्हने नेईन, बुधवारच्या एसटीने.
"आन् यायचं?" तिने विचारलं,
पडद्याकडे बघूनच विचारलं असणार.

अहवालात लिहिलं: लाइन मंद, नियम अंशतः लागू.